सोनं सोन्यात, पैसा पैशात

स्मरणिकेच्या संपादकांनी आपल्या गलाईवाल्यांच्या संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा मी नोंदणीचं प्रमाणपत्र, सभांची इतिवृत्तं आणि वर्गणीची पावतीपुस्तकं काढून बसलो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि लक्षात आलं, की आपण जिला संस्था म्हणतो तिचा जीव या कागदांत नाही. कार्यकारिणीची नावं आणि ठराव पुढच्या पानांवर छापलेच आहेत. मला लिहायचंय ते या कागदांच्या कितीतरी आधीपासून दिल्लीच्या करोल बागेत चालत आलेल्या संस्थेबद्दल. ती म्हणजे आपली गलाईची, सोनं-चांदी गाळायची भट्टी. तिला भांडवल होतं, उसनं देण्याघेण्याचे नियम होते, बुडालं तर कोणी किती सोसायचं याची रीत होती. यातलं काहीही कुठं लिहिलेलं नव्हतं. ते लिहून काढायची वेळ कायद्यानं आणली, एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. तो प्रवास म्हणजेच आपला इतिहास, असं मला मनापासून वाटतं.

इथं जन्मलेल्या मुलांसाठी आधी थोडं गावाकडचं सांगतो. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव, साताऱ्याचे खटाव आणि माण, सोलापूरचं सांगोला, हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. दोन-तीन वर्षांत एकदा पीक हाताला लागायचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच इथली माणसं सोनं-चांदी गाळायचं काम शिकून बाहेर पडली, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर घरटी एक पोरगा बाहेर, अशी गत झाली. केरळात, तमिळनाडूत, आंध्रात, बंगालमध्ये, नेपाळमध्ये, जिथं सराफ बाजार आहे तिथं मागच्या गल्लीत विटा-खानापूरकडचा एखादा तरी गलाईवाला असतोच. टेंभू योजनेचं पाणी येण्याआधी आमच्या भागाला जगवलं ते या भट्ट्यांनी.

करोल बागेत आपण आलो ते इथल्या कारागिरांच्या मागोमाग. बीडनपुरा आणि रेगरपुरा या गल्ल्यांत बंगाली कारागीर दाटीनं बसून दागिने घडवतात, बँक स्ट्रीटवर त्यांचे खरेदीदार सराफ आहेत, आणि दोघांच्या मध्ये आपण. कारागिराच्या बाकाखालची धूळ, कानसलेला कीस, फसलेला दागिना, गिऱ्हाइकानं मोडीत दिलेलं मंगळसूत्र हे सगळं आपल्याकडं येतं आणि चोख होऊन परत जातं. चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत सोन्याचा भाव ठरतो, करोल बागेत ते सोनं घडतं, आणि घडताना जे उरतं ते आपल्या मुशीत उतरतं. गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीनला उतरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी तेजाबाच्या वासात उभा असायचा. मीही तसाच आलो, दहावीचा निकाल लागण्याआधी.

आता भांडवलाकडं येतो, कारण तिथंच आपल्या धंद्याची खरी गाठ आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, गलाई म्हणजे मजुरीचं काम, त्याला कसलं भांडवल लागणार? एक भट्टी, मुशी, चिमटे, टाकणखार (इथल्या भाषेत सुहागा), शोऱ्याचं तेजाब आणि एक काटा. पण समजा एक कारागीर ५० ग्रॅम मोड घेऊन आला आणि तिचा टंच, म्हणजे शुद्धतेचा टक्का, निघाला ७५. म्हणजे त्यात चोख सोनं साडेसदतीस ग्रॅम. ते बाहेर काढायचं तर आधी त्यात सोन्याच्या तिप्पट होईल इतकी चांदी घालून वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे रवे करायचे, ते तेजाबात उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन, वाळवून पुन्हा गाळली की पिवळी लगड. यात अख्खा दिवस जातो. कारागीर इतका थांबत नाही. त्याला शेठचा हार संध्याकाळी द्यायचा असतो. तो म्हणतो, टंच काढा, मजुरी कापा आणि माझं चोख आत्ता हातावर ठेवा. म्हणून गलाईवाल्याच्या तिजोरीत दिवसभरात येणाऱ्या मालाइतकं चोख सोनं आधीपासून पाहिजे. रोज अर्धा किलोचं काम असेल तर अर्धा किलो सोनं हेच आपलं खेळतं भांडवल. ते रुपयात ठेवून चालत नाही.

हे सोनं नव्या माणसाकडं यायचं कुठून? ही रीत फार सुंदर होती आणि मला ती पूर्ण लिहून ठेवायची आहे. पोरगा भट्टीवाल्या शेठकडं पाच-सात वर्षं काम करायचा. खाणंपिणं, राहणं शेठचं. पगार महिन्याला नाही, वर्षाचा हिशेब दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला. पोराचा हात बसला, कसोटीवरची रेघ बघून तो अर्ध्या टंचापर्यंत अचूक सांगू लागला आणि मुख्य म्हणजे मुशीच्या तळाला चिकटलेला कणही त्यानं न सांगता परत ठेवला, की शेठ एक दिवस म्हणायचा, "आता तू तुझं बघ." आणि तो त्याला शंभर-दोनशे ग्रॅम सोनं द्यायचा. बाकीचं मामा, चुलते, गावातला दुसरा एखादा भट्टीवाला मिळून भरायचे. कागद नाही, तारण नाही. तारण एकच, की पोराचं घर आपल्याला ठाऊक आहे आणि त्याच्या बहिणीचं लग्न आपल्याच पाहुण्यांत व्हायचंय.

या उसन्याचा एक नियम होता आणि तो कोणीही मोडत नसे. सोनं घेतलं तर सोनं परत करायचं, पैसा घेतला तर पैसा. वडील हे एका ओळीत सांगत: सोनं सोन्यात, पैसा पैशात. लहानपणी मला तो साधा प्रामाणिकपणाचा नियम वाटायचा. पुढं कळलं, की तो जोखमीचा नियम आहे, आणि फार शहाणा नियम आहे. ज्यानं २०० ग्रॅम उसनं घेतलं आणि तिजोरीत २०० ग्रॅमच ठेवलं, त्याला भाव वर गेला काय आणि खाली आला काय, काहीच फरक पडत नाही. त्याचं देणं ग्रॅममध्ये, त्याचा माल ग्रॅममध्ये, आणि कमाई फक्त मजुरीची. आपली माणसं अशिक्षित होती, पण भावाशी जुगार खेळायचा नाही, हे त्यांनी हिशेबाच्या मांडणीतच बसवून टाकलं होतं.

या न लिहिलेल्या संस्थेवर पहिला मोठा घाव बसला तो जानेवारी १९६३ मध्ये. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आणलं आणि १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली. देशभरातल्या सोनारांचे हाल झाले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये सुटली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं लगडी, चिपा, रवे असं प्राथमिक सोनं सामान्य माणसानं बाळगणं गुन्हा ठरवलं. प्रमाणपत्र असलेल्या सोनाराला १०० ग्रॅमची मर्यादा होती, परवानाधारक व्यापाऱ्याला त्याच्याकडच्या कारागिरांच्या संख्येनुसार जास्तीत जास्त दोन किलोची. आपल्या कामाच्या दृष्टीनं बघा: बाईच्या गळ्यातला दागिना कायदेशीर, पण तोच मुशीत वितळला की त्या क्षणाला प्राथमिक सोनं. म्हणजे आपला रोजचा माल हाच कायद्याच्या नजरेत संशयाचा माल. परवाना नसलेल्या भट्टीवाल्याला कोणत्याही बँकेच्या दारात उभं राहणं शक्य नव्हतं. आहे तेच सांगता येत नाही, तर कर्ज कशावर मागणार? त्या सत्तावीस वर्षांत आपण अधिकाधिक तोंडी झालो. पाहुण्यांच्या शब्दावर चालण्याची सवय हौसेची नव्हती, ती कायद्यानं अंगी बाणवली होती, हे आज आपल्या मुलांनी समजून घ्यावं.

हा कायदा रद्द केला तो एका मराठी माणसानं. राजापूरचे खासदार मधू दंडवते विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात अर्थमंत्री होते. १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी सुवर्ण नियंत्रण उठवण्याची घोषणा केली आणि जूनमध्ये कायदा गेला. वडील सांगायचे, की त्या दिवशी त्यांनी लगड प्रथमच खिडकीच्या उजेडात धरून बघितली. दंडवत्यांचं नाव रेल्वेमुळं, कोकण रेल्वेमुळं सगळे घेतात. गलाईवाल्यांनी ते आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं.

नंतरची वीस वर्षं भरभराटीची. १९९७ पासून बँकांना सोनं आयात करायची मुभा मिळाली, चोख सोनं बाजारात सहज मिळू लागलं, कारागीर वाढले, आपल्या भट्ट्या वाढल्या. पण भांडवलाची गरजही फुगत गेली. २००० साली दहा ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्या आसपास होता. म्हणजे किलोभर सोन्याला साडेचार लाख लागत, चार-पाच घरांनी मिळून ते उभे राहत. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमनं लाखाचा आकडा गाठला. त्याच किलोला तेव्हा एक कोटी. मजुरी मात्र ग्रॅममागे ठरते आणि ती काही वीस पटींनी वाढली नाही. काम तेवढंच, कमाई थोडी जास्त, आणि तिजोरीत पडून राहणारी रक्कम वीस पट. पाहुण्यांच्या शब्दाला एवढं ओझं पेलत नाही.

मधल्या काळात भिशीनं हात दिला. दर महिन्याला वीस जण ठरलेली रक्कम भरणार, ज्याला गरज तो बोली लावून कमी पैशात उचलणार, सुटलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाणार. माझी दुसरी भट्टी भिशीच्याच पैशांवर उभी राहिली, हे मी नाकारणार नाही. पण १९८२ चा चिट फंड कायदा स्पष्ट आहे. अशी बोलीची भिशी नोंदणीशिवाय चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं भिशी चालवणाऱ्याचं कमिशन पाच टक्क्यांवरून सात केलं आणि एका व्यक्तीनं चालवायच्या चिटची कमाल मर्यादा एक लाखावरून तीन लाख केली. तीन लाखांत आज तीस ग्रॅमही येत नाही. त्याच वर्षी अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा आला. नातेवाईकांकडून घेतलेलं कर्ज आणि भागीदारानं घातलेलं भांडवल त्यात ठेव धरलेलं नाही, ही आपल्यासाठी मोठी सोय. पण गल्लीतल्या शंभर जणांकडून व्याजाचा शब्द देऊन पैसे गोळा केले तर तो थेट गुन्हा. शिवाय वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीनं घेता येत नाही, फेडताही येत नाही, हा आयकराचा नियम तर ऐंशीच्या दशकापासून आहे. आपल्यातल्या बहुतेकांना तो नोटीस आल्यावर कळला.

माझं मत मी आज उघड मांडतो. या कायद्यांवर आपल्या बैठकांत फार बोटं मोडली गेली. पण भिशी बुडाली तेव्हा कोणाचं घर गेलं ते आपण पाहिलंय. उचल घेऊन गायब झालेला माणूस सापडला तरी त्याच्यावर दावा लावायला आपल्याकडं कागद नव्हता. एका विधवा बहिणीचे अकरा हप्ते गेले आणि आम्ही बाकीच्यांनी वर्गणी काढून निम्मे भरून दिले. तेवढंच जमलं. ज्या दिवशी आपण देणंघेणं धनादेशानं आणि दोन ओळींच्या करारानं करू लागलो त्या दिवशी नात्यात संशय शिरला असं काही ज्येष्ठ म्हणतात. मला वाटतं, नात्यावरचं ओझं त्या दिवशी हलकं झालं.

बँकेची वाट मात्र सोपी नव्हती. सोन्याच्या लगडीवर किंवा सोनं विकत घ्यायला बँकांनी कर्ज देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचं जुनं धोरण आहे. त्यामागचं कारण खरं आहे. बँकेचा पैसा साठेबाजीत जाऊ नये. सवलत होती ती दागिने घडवणाऱ्या सराफांना. एका बँकेच्या व्यवस्थापकानं माझी फाइल वाचून विचारलं, "तुम्ही दागिने बनवत नाही, विकत नाही, मग सोनं कशाला ठेवता?" मी त्याला टंचाचा हिशेब समजावला. त्यानं चहा पाजला आणि फाइल परत दिली. सराफांना मिळणारं सुवर्ण धातू कर्ज मी तेव्हा पहिल्यांदा नीट समजून घेतलं. बँक रुपये देत नाही, सोनं देते. देशातल्या बाजारासाठी घडवणाऱ्याला तेव्हा १८० दिवसांपर्यंत, व्याजही सोन्याच्या हिशेबानं, आणि फेड त्या दिवशीच्या भावानं. वाचता वाचता मी थांबलो. हे तर आपल्या भट्टीवरचं उसनं सोनंच होतं, फक्त शिक्क्यासह. आपल्या आजोबांची रीत बँकेनं मान्य केली होती आणि त्यांच्या नातवाला मात्र ती मिळत नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम सैल केला आणि सोनं कच्चा माल म्हणून वापरणाऱ्या इतर उत्पादकांनाही खेळत्या भांडवलाचं कर्ज देण्याची मुभा बँकांना दिली. मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही ती मिळाली. या मुभेत गलाई बसते हे बँकांना पटवणं, हे आपल्या पुढच्या कार्यकारिणीचं पहिलं काम असायला हवं.

भावाच्या जोखमीबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण आपली सगळ्यात महागडी शिकवण तिथली आहे. २००३ ते २०१२ सोनं चढतच गेलं. चढत्या बाजारात वडिलांचा नियम म्हातारा वाटू लागला. तरुणांनी रुपयात कर्ज काढून सोनं घ्यायला सुरुवात केली. माल महिनाभर पडला तरी भाव वाढतोच, मजुरीपेक्षा त्यातच जास्त सुटतं. मग १५ एप्रिल २०१३ ला जगाच्या बाजारात सोनं एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त कोसळलं. तीस वर्षांत अशी पडझड झाली नव्हती. आठवडाभरात किलोमागे तीन लाखांच्या आसपास गेले. ज्यांचं देणं ग्रॅममध्ये होतं त्यांनी त्या दिवशीही दुपारी जेवण केलं. ज्यांचं रुपयात होतं ते भट्टीपाशी बसून राहिले. त्यातले दोघं माझ्या जवळचे. एकानं गावाकडची जमीन विकली.

मग वायदे बाजाराची चर्चा सुरू झाली. एमसीएक्स या वायदे बाजारात २००३ पासून सोन्याचे वायदे होतात, एक किलोपासून आठ ग्रॅम, एक ग्रॅमपर्यंतचे. तत्त्व सोपं आहे. तिजोरीत शंभर ग्रॅम असेल तर तितकाच वायदा विकून ठेवायचा, भाव पडला तर मालात गेलेलं वायद्यात मिळतं. पण एक गोष्ट दलाल लवकर सांगत नाही. भाव चढला की वायद्यातला तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो, आणि मालातला फायदा मात्र तिजोरीत सोन्याच्याच रूपात बसलेला असतो. हिशेबानं तुम्ही बरोबरीत असता, पण मार्जिन भरायला हातात पैसा नसतो. सौदा तोडला जातो आणि दुसऱ्या दिवशी भाव पडतो. म्हणून मी तरुणांना सांगतो, वायदा करा, पण मार्जिनसाठी वेगळी रोख बाजूला ठेवूनच. वायदे बाजार २०१५ च्या सप्टेंबरपासून सेबीच्या देखरेखीखाली आला. त्याआधी २०१३ मध्ये एनएसईएल या हजर बाजारात गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी अडकले होते. देखरेख का लागते ते त्यातून कळतं.

भावाची जोखीम परदेशातून येते, कराची जोखीम संसदेतून, म्हणजे करोल बागेपासून पाच-सहा किलोमीटरवरून. २०१२ च्या सुरुवातीला दोन टक्के असलेलं सोन्यावरचं आयात शुल्क ऑगस्ट २०१३ पर्यंत दहावर गेलं, जुलै २०२२ मध्ये पंधरावर. आणि २३ जुलै २०२४ ला एका भाषणात ते सहावर आलं. दहा ग्रॅममागे तीन हजारांहून जास्त त्याच दिवशी उतरले. निर्णय चांगला होता, चोरटी आयात त्यानं कमी होते, मी त्याच्या बाजूचा आहे. पण ज्याच्याकडं स्वतःच्या पैशाचा किलोभर माल होता त्याचे तीन लाख दुपारच्या चहाआधी गेले. या जोखमीला विमा नाही. जास्तीचा माल न साठवणं हा एकच उपाय.

आणखी एक जोखीम फक्त आपल्याच धंद्याची. मुशीत गेलेल्या सोन्याला ओळख राहत नाही. कुठल्या तरी शहरात चोरी होते, चोर पकडला जातो, तो एका सराफाचं नाव घेतो, सराफ आपलं घेतो, आणि मध्यरात्री दुसऱ्या राज्यातले पोलीस दारात उभे राहतात. चोरीचा माल घेतल्याचं जुनं ४११ कलम, आता भारतीय न्याय संहितेत ३१७, आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ आहे. आमच्या घरी ही वेळ एकदा आली. वडिलांनी तो माल नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून रीतसर मजुरीवर घेतला होता, पण लिहिलेलं काही नव्हतं. सोनं गेलं, वर वकिलाचा खर्च, आणि गल्लीतून मान खाली घालून जाताना वडिलांचा जो चेहरा होता तो मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी पहिली वही आणली. आलेल्या प्रत्येक मालाचं वजन, टंच, आणणाऱ्याचं नाव, ओळखपत्र, सही, पुढं फोटो. डिसेंबर २०२० मध्ये मौल्यवान धातूंच्या व्यापाऱ्यांना मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आणलं गेलं आणि दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची नोंद सक्तीची झाली, तेव्हा शेजारी घाबरले. आमच्या वहीत ते सगळं आधीच होतं.

नोटाबंदीवर जास्त लिहीत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री बाजार उशिरापर्यंत जागा होता आणि दोन दिवसांत आयकराची पथकं चांदणी चौकात, दरिब्यात आणि करोल बागेत फिरत होती. त्या रात्री ज्यानं लोभ आवरला तो आजही धंद्यात आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, सोन्यावर तीन टक्के आणि मजुरीच्या कामावर पाच. सुरुवातीला वाटलं, चार भिंतींत बसून तेजाब उकळणाऱ्या माणसाला दर महिन्याचं विवरणपत्र कसं जमणार? जमलं. विवरणपत्रांमुळंच पहिल्यांदा आपली उलाढाल कुठं तरी दिसू लागली, आणि दिसू लागली म्हणूनच काहींना कर्ज मिळालं. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा क्रमांक आला. कसोटीच्या दगडाची जागा एक्सरे यंत्रानं घेतली. दगड माझ्याकडं अजून आहे. यंत्र शंकेत पडलं तर मी रेघ ओढून बघतो.

आगीबद्दल लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे करोल बागेतल्या एका हॉटेलला आग लागली आणि सतरा माणसं गेली. आम्ही गल्लीतून तो धूर पाहिला. त्या दिवशी प्रत्येक भट्टीवाल्यानं आपल्या खोलीकडं वेगळ्या नजरेनं बघितलं. वर झोपणारी पोरं, खाली गॅसची टाकी, जिन्यात तेजाबाचे कॅन. निवासी भागातल्या धंद्यांना कुलूप लावणाऱ्या २००६ पासूनच्या सीलिंगनं आपल्याला भीती घातली होती, पण भीतीनं माणूस कुलूप लावून आत काम करतो. त्या आगीनं शहाणपण आलं. पोरांची झोपायची जागा वेगळी झाली, धूर शोषून पाण्यातून धुणारी यंत्रं आली, कोळसा गेला. दिल्ली परिसरात १ जानेवारी २०२३ पासून तो बंदच आहे. आता विजेच्या भट्ट्या. सराफांसाठीची विमा पॉलिसी, जिला धंद्यात ज्वेलर्स ब्लॉक म्हणतात, तीही बऱ्याच जणांनी तेव्हाच घेतली. तिच्यात दुकानातला माल, अंगावर नेलेला माल, टपालानं वा विमानानं जाणारा माल असे वेगवेगळे भाग असतात. पण विश्वासानं ज्याच्या हाती सोपवलं त्यानंच पळवलं, तर ते साध्या पॉलिसीत बसत नाही. आपला धंदा सगळा सोपवण्यावर चालतो, म्हणून ती ओळ सही करण्याआधी वाचा.

करोल बागेपासून दोन तासांच्या आत, हरियाणात नूहजवळच्या रोजका मेवला, एमएमटीसी-पॅम्पचा सोनं शुद्ध करायचा मोठा कारखाना आहे. लंडनच्या बाजाराची मान्यता असलेला. आपली पोरं तो बघून येतात आणि विचारतात, आपलं काय राहिलं मग? राहिलं ते पाच ग्रॅमच्या किसाचं काम. बाकावरून झाडून आणलेली पुडी घेऊन कारागीर तिथं जाणार नाही. तो बीडनपुऱ्याच्या जिन्यानं वर आपल्याकडंच येणार, आणि त्याला चोख सोनं लगेच हातात हवंय.

गेल्या वर्षी दसऱ्याला वही पूजेला काढली तेव्हा वडिलांच्या जुन्या छोट्या टिपणवहीतली एक नोंद पुन्हा दिसली. १९९१ साल, गावचं नाव, आडनाव, आणि पुढं फक्त "४० ग्रॅम". परत दिल्याची खूण नाही. देणारे दक्षिणेत कुठं तरी भट्टी चालवायचे, ते वारले, घर विखुरलं. वडील जाईपर्यंत दरवर्षी ती नोंद नव्या वहीत उतरवून घ्यायचे. यंदा विट्याला दसऱ्याच्या पालखीच्या शर्यतीत त्या सोनं देणाऱ्यांचा नातू भेटला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, काका, तेव्हाचे पैसे किती होतात तेवढे द्या, फार झालं. तेव्हा दहा ग्रॅमला साडेतीन हजारांच्या आत भाव होता, म्हणजे चौदा हजारसुद्धा होत नव्हते. मी त्याला दिल्लीला बोलावलं. आमच्या सीएनी तासभर डोकं लावून कागद कसा करायचा ते सांगितलं, पावती फाडली, कर भरला, त्याची ओळखपत्रं जोडली. मग मी तिजोरीतून लगड काढून कापली, काट्यावर ठेवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत दोघंही गप्प उभे राहिलो. चाळीस पूर्णांक शून्य शून्य. वहीत नोंद मी नाही, माझ्या मुलानं लिहिली.